शेपू न्हाय, मास्तर!

गुऱ्हाळं सुरू झाली की आमच्या गावच्या हवेला पाक धरतो. नदीकडून वारा आला की मंगळवार पेठेपर्यंत उकळत्या रसाचा गोड, किंचित करपट वास पोचतो. दोरीवर वाळत घातलेल्या पातळांनासुद्धा तो लागतो. याच दिवसांत बाजारात पाला उतू जातो. कोथिंबिरीची पेंडी एका मुठीत मावत नाही, मेथीच्या पानांना तांबूस कड येते, लसणाची पात इतकी ओली असते की चिरताना पाटावर पाणी सुटतं. मार्गशीर्षातल्या या सकाळी मला लहानपणापासून आवडायच्या. गेली अठ्ठावीस वर्षं मात्र मी त्या श्वास धरून काढते.

मुक्ता, तुझं पत्र याच वासात आलं. पोस्टमनने ते तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि मी भाजी निवडता निवडता, हात पदराला पुसून ते उघडलं. तू लिहिलं होतंस, "आजी, तू पाठवलेली पाल्यांची यादी मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. रोहन म्हणतो, आता हे घर नाही, दवाखाना आहे. पण एक शंका आहे. इथे डिल नावाचा पाला मिळतो. केसांसारखा बारीक, निळसर हिरवा. माझ्या मैत्रिणीची आई तो उकडलेल्या बटाट्यात घालते. मला फार आवडतो. तो आपल्याकडे असतो का? असला तर त्याला काय म्हणतात? तुझ्या यादीत नाही."

हे पत्र येऊन तीन आठवडे झाले. मी आलेल्या पत्राला तिसऱ्या दिवशी उत्तर टाकते हे तुम्हा दोघा भावंडांना ठाऊक आहे, म्हणून उशीर का झाला ते आधी सांगायला हवं.

ती यादी मी फार निगुतीने केली होती. पट्टीने तीन रकाने आखले होते: पाल्याचं नाव, स्वयंपाकात कसा वापरावा, तब्येतीला काय उपयोग. कोथिंबिरीच्या काड्या फेकायच्या नाहीत, सगळा वास काड्यांतच असतो. आमटीला त्या ठेचून घालाव्यात आणि पानं वरून पेरावीत. कढीपत्ता ताटाच्या कडेला काढून ठेवणारी माणसं मला पूर्वीपासून आवडत नाहीत. तो सावलीत वाळवून तीळ-खोबऱ्याबरोबर कुटला की आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव येते. मळमळ होत असेल तर पुदिन्याची चार पानं आणि आल्याचा तुकडा. ओव्याचं पान जाड असतं, त्यावर लव असते. त्याची भजी उत्तम होतात आणि पोटात दुखलं की तेच पान मिठाचा खडा घालून चावावं. गवती चहाची पात पाण्यात सोडण्याआधी तिला गाठ मारावी, म्हणजे गाळताना त्रास होत नाही. पडशात याच्यासारखं दुसरं काही नाही. हे सगळं घरगुती आहे, डॉक्टरला पर्याय नव्हे, असंही मी तळाला लिहिलं होतं. चोवीस वर्षं मुलींना शास्त्र शिकवलेल्या बाईला ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

यादीत अकरा नावं आहेत. बारावी ओळही मी आखली होती. ती रिकामीच ठेवली, आणि मग कागद तिथूनच कापला. तुझ्या नजरेतून तेवढंच सुटलं नाही.

आमच्या घरी एक पाला कधीच येत नसे. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं, आणि कळलं ते गमतीने. तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे, त्यांना सगळे अण्णा म्हणत. मुरगूडकडच्या एका खेड्यातून शिकायला कोल्हापुरात आले, मास्तर झाले, हेडमास्तर होऊन निवृत्त झाले. उंच, कृश, काळी टोपी, आणि उजव्या नाकपुडीत कायम तपकीर. त्या तपकिरीने त्यांचं नाक पार मारून टाकलं होतं. दूध करपलं तरी त्यांना कळत नसे. पण शेपूचं नाव काढलं की हा माणूस ताटावरून उठे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. प्रत्येक घरात कुणीतरी असं असतंच, कुणी वांगं खात नाही, कुणी कारलं.

रोज सकाळी हौसाक्का पाल्याची बुट्टी घेऊन यायची. नदीपलीकडच्या मळ्यातली बाई, पण माहेर अण्णांच्याच गावचं. त्यामुळे गल्लीत ती इतरांना पावणं, वैनी, बाई म्हणायची आणि अण्णांना मात्र दादा. गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज लागायचा, "मेथी घ्या, चाकवत घ्या, कांद्याची पात घ्याऽऽ!" शेपूही असायचा. पण आमच्या दाराशी येण्याआधी ती त्याच्या पेंड्या शेजारच्या पायरीवर काढून ठेवायची, वर ओलं फडकं टाकायची, आणि मग बाकीची बुट्टी आमच्या उंबऱ्याशी टेकवून हाळी द्यायची, "शेपू न्हाय, मास्तर, शेपू न्हाय!" एवढ्या एका वाक्यात ती त्यांना दादा न म्हणता मास्तर म्हणायची, गल्लीने हसावं म्हणून.

अण्णा आतून विचारायचे, "बुट्टी तपासू का?"

"तपासा की! पेपर तपासून तपासून डोळं गेलं, बुट्टी काय दिसतीया तुमास्नी?"

गल्ली हसायची. अण्णाही हसायचे. आमच्या घराची सकाळ या हाळीने सुरू व्हायची. तुमचे बाबा बोलायला लागले तेव्हा त्यांचं पहिलं अख्खं वाक्य हेच होतं.

मग तो हिवाळा आला. सन साठ संपून एकसष्ट लागत होतं. दिवाळीनंतर अण्णांना कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी, शर्टाच्या काखासुद्धा पिवळ्या. डॉक्टरांच्या औषधाने कावीळ उतरली, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. भात बघितला की मान फिरवायचे. मऊ भाकरी दुधात कुस्करून दिली तरी दोन घास. शाल पांघरलेली त्यांची खांद्याची हाडं खुंटीसारखी दिसायला लागली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता औषध पोटातल्या अन्नाचं. काहीही करा, पण चार घास आत जाऊ द्या."

मी वेळापत्रक केलं. सकाळी ताकातली पेज, दहाला मोसंबं, बाराला वरणाचं पाणी. भिंतीवर कागद लावला आणि दिलेल्या गोष्टीपुढे खूण करायची पद्धत घातली. खुणा झाल्या, वाट्या भरलेल्याच परत आल्या.

एका सकाळी हौसाक्का हाळी न देताच आत आली. सोप्यात खुर्चीवर बसलेल्या अण्णांकडे तिने नीट बघितलं आणि आल्या पावली निघून गेली. दुसऱ्या दिवशी बुट्टीत पाल्याखाली तिने एक झाकणाची किटली आणली होती. नाचणीची पातळ आंबील, वर ठेचलेला लसूण, आलं, जिरं, कोथिंबीर, आणि या सगळ्यात उतरलेला कसलासा हिरवा रस.

"काशाच्या वाटीत द्यायचं," ती म्हणाली. "गरम हाय तवरच."

मी विचारलं, "यात पाला कसला आहे?"

"हाय एक. पोटाला चांगला."

"नाव काय?"

"नाव इचारायचं न्हाय वैनी. नाव घेतलं की गुण जातो."

"असं कसं? डॉक्टरांना सांगायला नको?"

"डाक्टरला सांगा, हौसाक्कानं दिलंय." मग माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघून म्हणाली, "का तुमच्या वहीत ल्ह्यायला पायजे?"

वही होतीच माझी. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी पाल्यांचे नमुने वाळवून जाड कागदावर चिकटवत होते, खाली सुवाच्य अक्षरात मराठी नाव, शास्त्रीय नाव, उपयोग. नाव माहीत नसलेली गोष्ट घरात असणं मला सहन होत नसे. डब्यांवर चिठ्ठ्या, बरण्यांवर चिठ्ठ्या. तुमचे आजोबा म्हणायचे, एक दिवस ही माझ्या कपाळावर चिठ्ठी लावणार. पण अण्णा खुर्चीतून म्हणाले, "असू दे, सूनबाई. हौसा काय मला विष घालणार नाही." त्यांनी ती वाटी घेतली आणि सावकाश, फुंकर मारत, सगळी संपवली.

डॉक्टरांना मी खरंच तसंच सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, जे पोटात राहतंय ते द्या.

त्यानंतरचे दहा दिवस मला आजही एकेक करून आठवतात. किटली यायची तेव्हा मी शाळेला निघायच्या गडबडीत असायचे, मधला रविवारही प्रदर्शनाच्या तयारीत गेला, म्हणून रस पुन्हा नीट बघितला नव्हता. संध्याकाळी येऊन फक्त माणूस बघायची. तिसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःहून विचारलं, जेवायला काय केलंय. पाचव्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली. सातव्या दिवशी आमटीला मीठ कमी आहे म्हणून कुरकुरले, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडले. नवव्या दिवशी टोपी मागितली आणि दारापर्यंत चालत गेले. बाहेर हौसाक्काने त्यांना बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हाळी दिली, "शेपू न्हाय, मास्तर, शेपू न्हाय!" अण्णा दाराची चौकट धरून हसले. मी ते हसणं शाळेला निघताना बघितलं. असं वाटलं, घर परत जागेवर आलं.

अकरावा दिवस रविवार होता.

सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. सोप्यात ऊन आलं होतं आणि अण्णा त्यात पाय सोडून बसले होते. तुमचे आजोबा पेपर वाचत होते. मुलं, म्हणजे तुमचे बाबा आणि काका, गोट्या मोजत जमिनीवर बसली होती. हौसाक्का पायरीवर पेंड्या सोडून परत बांधत होती. मी किटलीतलं वाटीत ओतून अण्णांना दिलं आणि किटली विसळायला आत नेली. तिच्या तळाशी एक पात चिकटली होती.

पात कसली, हिरव्या केसाचा तुकडा. मी ती बोटावर घेतली. प्रदर्शनाच्या सामानातलं भिंग टेबलावरच होतं. भिंगाखाली ती पात फुटत गेलेली दिसली, एका काडीतून दोन, दोनांतून चार, सगळ्या सुतासारख्या. मग मी ती चुरडली आणि नाकाशी धरली. लसणाच्या आणि आल्याच्या खालून तो वास वर आला, बडीशेपेचा लांबचा भाऊ असावा तसा. परीक्षेत समोर ठेवलेला नमुना ओळखू येत नाही, येत नाही, आणि शेवटच्या मिनिटाला नाव सुचतं, तेव्हा अंगातून जे सळसळत जातं ते माझ्या अंगातून गेलं. पंधरा वर्षांत या घरात न आलेला पाला, आणि ज्याचं नाव निघालं की जो माणूस ताटावरून उठतो त्यालाच तो अकरा दिवस उभं करत होता! केवढी गंमत. मी भिंग हातात घेऊनच बाहेर धावले.

"अण्णा, सापडलं! सांगू, तुम्ही अकरा दिवस काय पिताय ते?"

हौसाक्काने मान वर केली. "वैनी, गप ऱ्हावा."

"अगं, आता बरे झाले की ते! अण्णा, शेपू! शेपू पिताय तुम्ही!"

तुमचे बाबा उठून टाळ्या पिटायला लागले, "शेपू हाय, मास्तर, शेपू हाय!" धाकट्याने त्याच्यात सूर मिसळला. तुमचे आजोबा पेपराआडून म्हणाले, "चला, अण्णांचा जन्माचा नेम मोडला!" मीही हसत होते. सगळ्यांत मोठ्याने मीच हसत असेन.

अण्णांनी वाटीत बघितलं. वाटी अर्धी झाली होती. मग त्यांनी माझ्याकडे नाही, हौसाक्काकडे बघितलं. "हौसे, खरं?"

ती खाली बघून एकच पेंडी पुन्हा पुन्हा बांधत होती. "नाव इचारू नगा म्हटलं हुतं, दादा."

त्यांनी वाटी खाली ठेवली. आपटली नाही, आवाजसुद्धा होऊ दिला नाही. भिंतीला धरून मोरीपर्यंत गेले आणि चूळ भरली. मग दुसरी. मग तिसरी. मुलांच्या टाळ्या थांबल्या. तांब्यातलं पाणी संपलं, त्यांनी बादलीतून घेतलं. चूळ भरायची, खळखळायची, टाकायची. त्या आवाजाशिवाय घरात काही नव्हतं. हौसाक्का कधी उठून गेली मला कळलं नाही. पायरीवर पेंडी बांधायचा एक सोपट पडला होता.

त्या दुपारी मी वहीत नोंद केली. हे सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. अण्णा पडून होते, मला वाटलं थोड्या वेळाने राग जाईल. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: शेपू. अरुचीवर उत्तम. वायू सरतो, पचन सुधारतं, बाळंतिणीला दूध येतं. आंबिलीत रस घालून दिल्यास आजाऱ्याच्या पोटात राहतो. घरचा अनुभव, अकरा दिवस. आणि खाली रेघ ओढली.

संध्याकाळी त्यांना भात दिला. पोटात राहिला नाही. दुसऱ्या दिवशी पेज राहिली नाही, मोसंबं राहिलं नाही. ते रागावले नव्हते, हेच फार कठीण होतं. घास घ्यायचे, प्रामाणिकपणे चावायचे, आणि मग तोंडाला रुमाल लावून माझ्याकडे माफी मागितल्यासारखं बघायचे. डॉक्टर आले, सुई दिली, सलाइन लावलं. मी दर सकाळी दारात उभी राहून हाळीची वाट बघायची. गल्लीच्या तोंडाशी "मेथी घ्याऽऽ" ऐकू यायचं आणि तो आवाज पलीकडच्या गल्लीत वळायचा.

एक दिवस मी त्यांचे पाय चेपत होते. मी म्हणाले, "अण्णा, माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "चुकलं कुठं? तू बरोबर ओळखलंस. शंभरपैकी शंभर."

ते टोचून बोलले नव्हते. त्यांच्या आवाजात खरोखर मास्तराचं कौतुक होतं. जन्मभर बरोबर उत्तराला मार्क दिलेला माणूस, त्याने मलाही दिले. ते वाक्य मी तेव्हापासून ऐकते आहे. वर्गात एखाद्या मुलीचं उत्तर बरोबर आलं की मला ते म्हणवत नसे, नुसती मान हलवायची. मुली म्हणायच्या, बाई कौतुक करत नाहीत.

भोगीच्या चार दिवस आधी अण्णा गेले. डॉक्टर तुमच्या आजोबांना म्हणाले, यकृत आधीच थकलं होतं, कुणाचा दोष नाही. मी शास्त्र शिकलेली बाई, मला ते पटतं. आजही पटतं. एका शब्दाने माणूस मरत नाही. पण एका शब्दाने वाटी खाली ठेवली गेली हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, आणि या दोन वाक्यांची बेरीज मला आजवर जमलेली नाही.

त्या वर्षी आमच्याकडे भोगीची भाजी झाली नाही. हौसाक्का तेराव्यानंतर आली. बुट्टी बाहेर ठेवून आत येऊन बसली. मी चहा दिला, तो तिने घेतला नाही.

"मी सांगाय नगो," ती म्हणाली, "पर तुमी ल्हिवून घेणाऱ्या. मग खरं तेवडं ल्हिवा." आणि तिने सांगितलं.

अण्णा आठ वर्षांचे असताना त्यांची आई बाळंतपणात गेली. मूल आधी गेलं, मग बाराव्या दिवशी ती. हौसाक्काची आई गावातली सुईण. बाळंतिणीच्या खोलीत ओवा आणि बाळंतशेपाची धुरी असायची, ताटात रोज शेपूची भाजी, दूध यावं म्हणून. ज्याला दूध पाजायचं ते नव्हतं, तरी भाजी करत होते, कारण बंद कर म्हणायला कुणाला सुचलं नाही. शेवटच्या दिवशी तिला जेवण जात नव्हतं. आठ वर्षांच्या या पोराला लोकांनी सांगितलं, तू भरव, तुझ्या हातचं खाईल. त्याने शेपू-भाकरीचा घास केला आणि आईच्या तोंडात घातला. तो तिने गिळला नाही. तो तसाच राहिला.

"माझ्या आयनं काढला त्यो घास तोंडातनं," हौसाक्का म्हणाली. "ती सांगायची मला. म्हनून मी ह्या दारात दररोज वरडायची. तुमास्नी वाटायचं, चेष्टा करतीया."

मी विचारलं, "मग तू तोच पाला का दिलास?"

"दुसरं काय पोटात ऱ्हात न्हवतं की! आणि शेपूसारका पोटाला धरून ठेवणारा दुसरा पाला मला ठावं न्हाय. म्हटलं, नाक मेलंय, कळायचं न्हाय. नाव न्हाय घेतलं तर पाला नुसता पाला आसतोय." ती उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "म्हणजे नाव घेतलं की गुण जातो, हे खरं?"

ती दाराबाहेर बुट्टी उचलता उचलता थांबली. "पाल्याला कुटं नाव कळतंय, वैनी? मानसाला कळतंय."

त्यानंतरही ती पुष्कळ वर्षं आमच्या दाराशी येत राहिली. भाव करायची, भांडायची, मुलांना गाजर द्यायची. हाळी मात्र पुन्हा दिली नाही. आणि शेपू शेजारच्या पायरीवर काढून ठेवणं तिने सोडलं नाही. आता ते माझ्यासाठी होतं.

घरात शेपू येत नाही तो असा येत नाही. मुलांनी समजूत करून घेतली की आईलाही आवडत नाही. नंदा, तुमची काकू, लग्न होऊन आली तेव्हा काकाने तिला पहिल्याच आठवड्यात हसत सांगितलं, "आईला शेपू चालत नाही हं." मी तिथेच होते. मी भाजी निवडत राहिले. मी गंमत झाले होते, जशी अण्णांची झाली होती.

वहीतलं ते पान मी फाडलेलं नाही. पानाच्या पाठीवर गवती चहा आहे, म्हणून, असं मी स्वतःला सांगते. पौषात सकाळी कुठल्याही घरात कुणी चूळ भरली की मी हातातलं काम थांबवते. खळखळ संपेपर्यंत पुढचं काही करता येत नाही. कधी कधी मोरीत कुणी नसतं.

आता मुक्ता, तुझ्या पत्राला उशीर का झाला त्याचं दुसरं कारण. मी आजारी होते. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात ताप भरला. काळजी करू नका, आता उतरला आहे. पण ताप गेल्यावर माझी अन्नावरची वासना गेली. भात कोरडा लागायचा, चहा कडू. नंदा बँकेतून धावत घरी यायची, हे करू का, ते करू का. मी तिला माझीच यादी वाचून दाखवली: पुदिना झाला, आलं झालं, कढीपत्त्याची चटणी झाली. अकराही झाले. काही पोटात राहिलं नाही.

गेल्या रविवारी सकाळी ती माझ्यासमोर वाटी घेऊन आली. वर ताटली झाकलेली. ताटली काढली तर आंबील, वर लसणाची फोडणी, भरपूर कोथिंबीर.

"काय आहे गं?" मी विचारलं.

"असंच. पालेभाजीचं पाणी आहे," ती म्हणाली. "आधी प्या, मग सांगते."

मी तपकीर ओढत नाही. माझं नाक चांगलं आहे. वाटी हनुवटीशी आली तेव्हाच लसणाच्या खालून तो वास वर आला. अठ्ठावीस वर्षं मी ज्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं तो माझ्या दोन तळहातांत होता, आणि गरम होता. मी वर बघितलं. नंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती, आणि तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर नव्हते, वाटीवर होते. शेजारणीने सांगितलं असेल, आईने सांगितलं असेल. सासूला न चालणारी गोष्ट लपवून आणायला तिला किती धीर करावा लागला असेल ते मला कळत होतं. मागे मोरीत पाण्याचा आवाज येत होता. नळ असेल.

मी फुंकर मारली आणि प्याले. सावकाश, सगळं. तळाशी एक केसासारखी पात राहिली होती, तीही बोटाने पुसून खाल्ली.

"कसं लागलं?" नंदाने विचारलं.

"बरं आहे. उद्याही दे."

तिने वाटी घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी घासता घासता ती गुणगुणायला लागली. ते पोटात राहिलं. आज सातवा दिवस आहे आणि सकाळी मी अर्धी भाकरी खाल्ली.

तर तुझ्या शंकेचं उत्तर: हो, तुझा डिल आपल्याकडे असतो. त्याला शेपू म्हणतात. बटाट्यात छान लागतोच, मुगाच्या डाळीत घालून बघ, फोडणीला लसूण जास्त घाल. पोटाला फार चांगला. तू त्याचं नाव खुशाल घे, मुक्ता. तुझ्या तोंडात तो बटाट्याबरोबर आला आहे.

फक्त काकूला लिहाल तेव्हा यातलं काही लिहू नका. आजीला फसवलं म्हणून ती तुम्हाला कळवेल कदाचित. तुम्ही हसा आणि सोडून द्या. ती अजून रोज दारात उभी राहून विचारते, "आई, ओळखलंत का कसला पाला ते?" प्रश्न सोपा आहे. उत्तर मला येतं. मी जागा कोरी सोडते.